गाडी उंच करू नका, सरळ करा

सुट्टीवर आलेल्या फौजी पोरांच्या गाड्या मी गावच्या फाट्यावरूनच ओळखतो. नंबरप्लेट बघावी लागत नाही. कंपनीने दिली त्याहून चार बोटं उंच, टायर ट्रॅक्टरकडून उसने आणल्यासारखे, टपावर कॅरियर आणि कॅरियरवर जेरीकॅन. कुणाची लिलावात घेतलेली जिप्सी, कुणाची नवी जिम्नी, कुणाची थार. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, डोंगरात पोस्टिंग आहे. गाडी उंच लागते."

माझं मत याच्या उलट आहे आणि आज ते नीट मांडायचं आहे. डोंगरात उंच गाडी लागते ती क्वचित, एखाद्या नाल्यात किंवा दरड पडून रस्ता गेला असेल तिथे. गाडी वळवावी मात्र दर शंभर मीटरला लागते. ती वळते चाकांच्या कोनांवर. अर्धा अंश इकडे, दोन मिलिमीटर तिकडे. हे कोन डोळ्यांना दिसत नाहीत, फोटोत येत नाहीत आणि मित्र त्यांचं कौतुक करत नाहीत. म्हणून लिफ्ट किटला हजारो रुपये देणारा माणूस अलाइनमेंटच्या पाचशे रुपयांवर घासाघीस करतो.

मी ई.एम.ई.चा माणूस. नोकरीची बरीच वर्षं गाड्यांच्या पोटाखाली गेली, त्यामुळे गाडी वरून कशी दिसते यात मला फारसा रस उरलेला नाही.

एक गोष्ट पोस्टिंग बदलत गेल्यामुळेच कळली. जैसलमेरच्या बाजूला गाडी तासन् तास सरळ जाते. तिथे चाकांचे कोन चुकलेले असले तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. फार तर टायर एका कडेने झिजतो, आणि टायर झिजला की लोक टायरवाल्याला शिव्या देतात. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, बदली होऊन अरुणाचलला आला. भालुकपाँग सोडलं आणि टेंगा, बोमडिला, सेला अशी चढण लागली की पहिल्याच दिवशी तक्रार येते: "गाडी बदलल्यासारखी वाटतेय." गाडी तीच असते. वाळवंटात जो दोष झोपला होता तो वळणावर जागा झाला. सेलाखालून मार्च २०२४ पासून बोगदा झाला आहे, पण तिथवर पोहोचायची वळणं आहेत तिथेच आहेत. मनाली-लेह रस्त्यावर गाटा लूप्सची एकवीस वळणं ज्यांनी लादलेल्या गाडीतून चढली असतील, त्यांना मी काय म्हणतोय ते हातांना आठवेल.

आधी थोडा हिशेब. कंटाळू नका, शाळेतलाच आहे. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी ताशी चाळीस किलोमीटरने नेली तर तिला बाहेर ढकलणारा जोर तिच्या वजनाच्या साधारण ०.४२ पट असतो. वेग पन्नास केला की तो ०.६६ पट होतो. दहाच किलोमीटरचा फरक, पण जोर दीडपटीहून जास्त. आता समजा गाडी माणसांसकट १२०० किलोची, दोन चाकांमधलं आडवं अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटरवर. चाळीसच्या वेगाने वळताना आतल्या चाकांवरचा सुमारे २५० किलो भार उचलून बाहेरच्या चाकांवर जातो. दोन्ही बाजूंना सहाशे-सहाशे होते, त्याचे बाहेर साडेआठशे आणि आत साडेतीनशे झाले. हीच गाडी ७५ मिलिमीटर उचला, म्हणजे तीन इंच, बाजारातलं सर्वांत लाडकं माप. भार आणखी तीसेक किलो सरकतो. गाडी कलंडायची कागदावरची मर्यादा वजनाच्या १.० पटीवरून ०.९ पटीवर येते. आणि कागद उदार असतो. प्रत्यक्षात गाडीचं अंग झुकतं, टायर दबतो, रस्त्यात खड्डा असतो, त्यामुळे खरी मर्यादा याच्या बरीच अलीकडे.

जुन्या लोकांना आठवत असेल, सुरुवातीची जिप्सी अरुंद होती. १९९३ साली कंपनीने तिची चाकं ९० मिलिमीटरने एकमेकांपासून लांब नेली आणि चाकांवर ते फुगीर मडगार्ड आले. ज्यांनी गाडी बनवली त्यांना ती रुंद करावीशी वाटली, आणि आपण ती घरी आणून उंच करतो. (हे वाचून कुणी स्पेसर लावायला धावू नये. स्पेसरने चाक बाहेर येतं, पण बेअरिंगवर आणि स्टेअरिंगवर नको तो जोर पडतो.)

आता कोनांकडे वळू. तीन आहेत. पहिल्या दोघांबद्दल गॅरेजात बोललं जातं आणि तिसरा बिचारा छापील चिठ्ठीवर कोपऱ्यात पडून असतो.

टो म्हणजे वरून बघितल्यावर पुढची दोन चाकं एकमेकांकडे बघतात की बाहेर. उभं राहताना आपले पाय जसे आत किंवा बाहेर वळलेले असतात, तसंच. किंचित आत असली तर गाडी सरळ रस्त्यावर शांत असते. बाहेर असली तर ती वळणात चटकन शिरते पण सरळ रस्त्यावर चुळबुळ करते, सारखी सांभाळावी लागते. रॅलीवाले मुद्दाम थोडं बाहेर ठेवतात, त्यांचं त्यांना लखलाभ. घरच्या गाडीत कंपनीचं माप सोडू नये. टोची चूक किती महाग पडते ते बघा: ५६० मिलिमीटर व्यासाच्या टायरवर एकूण तीन मिलिमीटर चूक असली, तर प्रत्येक टायर दर किलोमीटरला पावणेतीन मीटर आडवा घासत जातो. हजार किलोमीटरच्या प्रवासात पावणेतीन किलोमीटर टायर नुसता फरफटला.

टो मोजायला यंत्र लागतंच असं नाही. पुढच्या भागात, जिथे वर्कशॉप म्हणजे ताडपत्री आणि दोन ठोकळे, तिथे आम्ही चाक उचलून फिरवत फिरवत टायरच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ मारायचो. गाडी खाली ठेवून थोडी पुढे ढकलायची, म्हणजे चाकं आपापल्या जागी बसतात. मग दोन रेघांमधलं अंतर चाकाच्या पुढच्या बाजूला मोजायचं, गाडी अर्धं चाक पुढे न्यायची, तीच खूण मागे आली की पुन्हा मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे टो. टेप, खिळा आणि एक धडधाकट शिपाई ढकलायला. मिलिमीटरभर इकडेतिकडे सोडलं तर चांगल्या यंत्राशी जुळतं.

दुसरा कॅम्बर. समोरून बघितलं तर चाक उभं आहे, आत कललंय की बाहेर. वळताना गाडीचं अंग बाहेरच्या बाजूला झुकतं आणि आपल्याबरोबर बाहेरच्या चाकालाही झुकवतं. मारुती ८०० पासून स्विफ्टपर्यंत आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. स्वस्त, सुटसुटीत, दुरुस्तीला सोपा. पण त्याची खोड अशी की अंग तीन अंश झुकलं तर बाहेरचं चाकही रस्त्याच्या हिशेबात दोन-अडीच अंश बाहेर कलतं. ज्या चाकावर सगळा भार आलाय तेच नेमकं बाहेरच्या कडेवर उभं राहतं, टायरचा अर्धा पंजा उचलला जातो. म्हणून उभ्या गाडीतच चाकाचा माथा थोडा आत ठेवला, अर्धा ते एक अंश, तर वळणावर तो सरळ येतो. स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टांच्या भोकांत थोडी ढिलाई असते, तेवढ्यात अर्धा अंश मिळून जातो. त्याहून जास्त हवा असेल तर विलक्षण आकाराच्या दांड्याचे कॅम्बर बोल्ट मिळतात, फिरवले की चाक कलतं. आणि कॅम्बर बदलला की टो बदलतोच, त्यामुळे टो नेहमी शेवटी.

एका प्रकाराला मात्र माझा कडाडून विरोध आहे. बऱ्याच दुकानांत कॅम्बर दुरुस्त करायचा म्हणून हायड्रॉलिक जॅक लावून स्ट्रट चक्क वाकवतात. पडद्यावर लाल आकडा हिरवा होतो, गिऱ्हाईक खूश. पण आकडा लाल का होता? बुश गेला असेल, बॉल जॉइंट ढिला असेल, खड्ड्यात लोअर आर्म वाकला असेल. आजार तसाच ठेवून धडधाकट भाग वाकवायचा आणि दोन चुकांची बेरीज शून्य करून द्यायची, याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

तिसरा कॅस्टर. माझ्या मते घाटाचा खरा राजा हाच. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ उभा नसतो, वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. मोटारीचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्षही असाच मागे कललेला असतो. त्यामुळे वळण संपलं की स्टेअरिंग आपोआप मधे येतं. हे सगळ्यांना माहीत असतं. फार लोकांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे. अक्ष मागे कललेला असला की चाक वळताना नुसतं वळत नाही, कलतंही, आणि बाहेरचं चाक बरोबर आत कलतं. ढोबळ हिशेबाने पाच अंश कॅस्टर असेल आणि चाक वीस अंश वळवलं, तर बाहेरच्या चाकाला पावणेदोन अंश आतला कल मिळतो. पस्तीस अंश वळवलं, म्हणजे अगदी हेअरपिन, तर जवळजवळ तीन अंश. किंगपिनच्या आतल्या कलामुळे यातला काही भाग परत जातो, पण बराचसा उरतो.

आता गंमत बघा. कॅम्बरने दिलेला कल चोवीस तास असतो, सरळ रस्त्यावरही, त्यामुळे टायर आतून झिजतो. कॅस्टरने दिलेला कल वळणापुरता येतो, वळण जितकं आखूड तितका जास्त येतो, आणि सरळ रस्ता लागला की निघून जातो. डोंगरातल्या गाडीला याहून चांगला सोबती नाही. आणि गाडी उंच करताना नेमका हाच पहिला बळी जातो.

जिम्नीचा पुढचा अ‍ॅक्सल एकसंध आहे आणि दोन लांब हातांनी मागे चेसिसला धरलेला आहे. स्प्रिंग उंच घातली की हे हात खाली लोंबतात आणि अ‍ॅक्सलला पुढे फिरवतात. एक-दोन अंश कॅस्टर गेला. शिवाय अ‍ॅक्सलला आडवा धरणारा दांडा तिरपा झाला की अख्खा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो. स्टेअरिंगचा दांडाही तिरपा होतो आणि मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टेअरिंग आपोआप हलतं. हे सगळं दुरुस्त करायचे भाग मिळतात, वेगळे बुश, वेगळे दांडे. पण लिफ्ट करून देणारे त्यातलं किती सांगतात?

जिप्सीचंही तेच, फक्त तऱ्हा वेगळी. तिला पुढे-मागे पाटे. सर्वांत स्वस्त लिफ्ट म्हणजे पाट्यांच्या शॅकल लांब करायच्या. पुढच्या पाट्याची शॅकल त्याच्या पुढच्या टोकाला असते, ती लांब झाली की पाटा पुढून खाली झुकतो, अ‍ॅक्सल त्याच्याबरोबर फिरतो आणि कॅस्टर घटतो.

टेंग्याला असताना शेजारच्या युनिटमधला एक नाईक, सांगलीकडचा पोरगा, अशीच जिप्सी घेऊन आला होता. खालच्या शहरातल्या एका गॅरेजात उंच करून आणलेली. बायको आणि दोन वर्षांची मुलगी पुढच्या महिन्यात येणार होती, त्यांना घेऊन तवांगला जायचं म्हणून सगळी तयारी. तक्रार एकच: वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत येत नाही, हाताने ओढून आणावं लागतं. "साहेब, पॉवर स्टेअरिंग बसवावं का?" मी म्हटलं, आधी मोजू तर दे. सपाट जागा शोधली, अ‍ॅक्सलचा कल मोजला. कॅस्टर जवळजवळ संपलेला होता. हेअरपिनमधून बाहेर पडताना सरळ व्हायला ती गाडी तयारच नव्हती, आणि वळण संपलं तिथे दरी होती. जुन्या शॅकल त्याने नशिबाने टाकल्या नव्हत्या. त्या परत घातल्या, पाट्यांचे बुश बदलले, टो जुळवला. एक दुपार गेली. खाली-वर एक चक्कर मारून आला आणि हसत म्हणाला, "साहेब, वळते छान, पण आता जिप्सी वाटत नाही." मी म्हटलं, "अरे बाबा, आता तर ती जिप्सी झाली."

उंची ठेवायचीच असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घालून कॅस्टर परत आणता येतो, हेही मी त्याला सांगितलं होतं. त्याला ते पटलं नाही आणि मला बरं वाटलं. कारण पाचरेने कोन परत येतो, गुरुत्वमध्य खाली येत नाही.

उंच करणाऱ्यांचा एक मुद्दा मी मान्य करतो. ज्याच्या वाटेत रोज नाला आहे, मोठे धोंडे आहेत, त्याला पोटाखाली जागा हवी. पण अशी वाट किती जणांची असते? आणि असेल तर नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही, कॅस्टर, आडवा दांडा, ब्रेकच्या नळ्यांची लांबी, सगळं एकत्र बघायला लागतं. तेवढा खर्च आणि तेवढी अक्कल असलेला मिस्त्री असेल तरच हात घाला. कायद्याचंही भान ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ बनावटीत असा बदल करता येत नाही, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून बघतो तेव्हा तो फौजी-बिगरफौजी बघत नाही.

कडक स्प्रिंगचं खूळही तसंच. कडक केली की गाडी कमी झुकते हे खरं. पण ते गुळगुळीत ट्रॅकवर. आपल्या घाटात रस्ता फुटलेला असतो, कडक स्प्रिंगवरचं चाक खड्ड्यावरून उड्या मारतं, आणि हवेत असलेलं चाक गाडी वळवत नाही.

आता लोडबद्दल, कारण सर्वांत जास्त दुर्लक्ष तिथे होतं. गाडी अलाइनमेंटला नेतो ती रिकामी. ड्रायव्हरसुद्धा खाली उतरून चहा पीत असतो. घाटात नेतो ती मात्र चार माणसं, डिकीत ट्रंका, टपावर गादी आणि सासुरवाडीहून निघताना कुणीतरी आग्रहाने घातलेलं तांदळाचं पोतं अशी. मागची बाजू बसते, पुढची उचलते. पुढच्या चाकांवरचं वजन टक्क्याने घटतं आणि गाडी वळायच्या जागी सरळ जाऊ पाहते. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात ते वेगळंच.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे मागच्या स्प्रिंगांच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवायचे, किंवा पाटे असतील तर एक जादा पाटा टाकायचा. लोड असताना गाडी बसत नाही, झकास. पण लोड उतरवल्यावर? मागची बाजू उंच राहते. चोवीसशे मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीत मागची बाजू चाळीस मिलिमीटर उचलली तर अख्खी गाडी जवळजवळ एक अंश पुढे झुकते, आणि तेवढाच कॅस्टर जातो. छोट्या गाडीत मुळात तीन-चार अंश असतो, त्यातला एक गेला. म्हणजे सुट्टीच्या चार दिवसांसाठी वर्षभराची चाल बिघडवली. त्यापेक्षा ट्रंक खाली ठेवा, जड सामान मागच्या सीटला टेकवून ठेवा, टप रिकामा सोडा. फौजेत गाडी लादायची कशी हे आपल्याला शिकवलेलं असतं. स्वतःच्या गाडीच्या वेळी ते कुठे जातं कोण जाणे.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. पहिलं माप रिकाम्या गाडीवर, कारण कंपनीचे आकडे बहुतेक तसेच असतात. ते जुळले की ड्रायव्हर आत बसवायचा, मागे दोन माणसं बसवायची, डिकीत गव्हाचं पन्नास किलोचं पोतं ठेवायचं आणि पुन्हा मोजायचं. काही बदलायचं नाही, फक्त चिठ्ठी घ्यायची. डाव्या आणि उजव्या बाजूत लोडखाली मोठा फरक पडला तर कुठेतरी स्प्रिंग थकलीय किंवा बुश गेलाय. रिकाम्या गाडीत हे दिसत नाही. दुकानदार पहिल्यांदा विचित्र नजरेने बघतो. बघू द्या.

बुशवरून आठवलं. निवृत्त मंडळींपैकी कितीजणांकडे कॅन्टीनमधून घेतलेली मारुती ८०० होती, काहींकडे अजून असेल. त्या गाडीत पुढचा स्टॅबिलायझर बार दोन कामं करतो. गाडीचं झुकणं आवरतो आणि लोअर आर्मला पुढे-मागे हलू न देता धरूनही ठेवतो. म्हणजे त्या बारच्या टोकाचे रबरी बुश झिजले की ब्रेक मारताना चाक मागे सरकतं आणि कॅस्टर तिथल्या तिथे बदलतो. उतारावर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते ती बरेचदा यामुळे. लोक ब्रेक शू बदलतात, व्हील सिलिंडर बदलतात, आणि शेवटी "या गाडीची खोडच आहे" म्हणून सोडून देतात. खोड बुशात असते, आणि तो फार स्वस्त मिळतो. कोणत्याही गाडीत क्रम हाच: आधी टायरमधला दाब, मग बुश आणि बॉल जॉइंट, मग कोन. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट दुकानाच्या दारापर्यंतच टिकते.

दाबाबद्दल एक मजेशीर गोष्ट. सपाटीवरून लेहला गेलात की बाहेरची हवा विरळ होते, त्यामुळे गेजवर दाब सुमारे पाच पीएसआयने जास्त दिसायला हवा. पण सकाळच्या थंडीत आतली हवा आकसते आणि हा फरक जवळजवळ खाऊन टाकते. दुपारी ऊन आणि चढण मिळून टायर तापला की तो पुन्हा वर येतो. म्हणून तिथे दाब नेहमी पहाटे, गाडी हलवायच्या आधी बघावा. दुपारी गेज बघून हवा सोडणारे संध्याकाळी वळणावर लडबडतात.

दुकानात आणखी एक बघा. टो जुळवताना मिस्त्रीने दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारखे फिरवले का? घाईत एकच बाजू फिरवतात, स्टेअरिंग वाकडं होतं, मग ते काढून सरळ बसवून देतात. दिसायला सगळं ठीक. पण आता गाडी डावीकडे जितकी वळते तितकी उजवीकडे वळत नाही, आणि वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जितकं जास्त वळायला हवं तो हिशेबही दोन्हीकडे वेगळा होतो. या हिशेबाला जगभर अ‍ॅकरमन म्हणतात. तो काढला म्युनिकच्या लँकेन्सपर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने, पण १८१८ साली लंडनमध्ये पेटंट त्याच्या एजंटाच्या, अ‍ॅकरमनच्या नावाने निघालं. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं. युनिटमध्ये हे काही नवीन नाही. हेअरपिनवर एकाच बाजूला दोनदा मागे-पुढे करावं लागत असेल तर आधी हे तपासा.

राहिलं घरच्या घरी करायचं. यंत्राची चिठ्ठी गाडी उभी असतानाची असते. वळणावर टायर किती पंजा टेकवतो ते टायरच सांगतो. पुढच्या दोन्ही टायरवर तीन-तीन ठिकाणी खडूची जाड पट्टी मारा, रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीपासून कडेवरून खाली बाजूच्या भिंतीपर्यंत. मग रोजचा घाट, रोजच्या वेगाने, एकदा चढा आणि उतरा. साताऱ्याचे असाल तर यवतेश्वर पुरे, कोल्हापूर-सावंतवाडीकडचे असाल तर आंबोली. खाली आल्यावर बघा खडू कुठवर पुसला गेलाय. कडेपर्यंत पुसला आणि तिथे थांबला तर गाडी बरोबर आहे, तिला हात लावू नका. कडा ओलांडून भिंतीवर गेला असेल तर आधी दाब बघा, दाब बरोबर असेल तर कॅम्बर थोडा आत घ्यावा लागेल. कडेच्या आतच थांबला तर हवा जास्त आहे. एका टायरचा खडू आणि दुसऱ्याचा खडू वेगवेगळ्या ठिकाणी पुसला असेल, तर सरळ उठून बुश तपासायला जा. खडू पांढरा घ्या. पिवळा घाटाच्या लाल धुळीत दिसत नाही.